तंजावरची वीणा आणि नव्या तबकड्या

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तेथे स्थापलेले भोसले घराण्याचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसरे सरफोजी राजे यांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही तेथे उभे आहे. मराठी कीर्तनातील चिपळ्या याच नगराच्या वाटेने तमिळ हरिकथेत गेल्या. कर्नाटक संगीताच्या इतिहासात तर तंजावरचे स्थान फारच वरचे आहे. त्यागराज ज्या तिरुवैयारु गावी राहिले ते गाव तेथून अवघ्या काही मैलांवर आहे. फणसाच्या लाकडाची जी वीणा दक्षिणेत सर्वत्र वाजविली जाते ती या नगराच्याच नावाने ओळखली जाते. २०१३ साली तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

या पुस्तिकेचा विषय मात्र वीणेची घडण हा नाही. वीणेचा नाद तबकडीवर किती प्रमाणात उतरतो, आणि तो अधिक पूर्णपणे उतरविण्याचे आश्वासन देणाऱ्या नव्या तबकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली. १९९९ साली सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी ‘सुपर ऑडिओ सीडी’ आणली. पाठोपाठ २००० साली ‘डीव्हीडी-ऑडिओ’ आली, आणि पुढे केवळ संगीतासाठी काढलेल्या ब्लू-रे तबकड्याही निघाल्या. दर वेळी श्रोत्यांस एकच गोष्ट सांगण्यात आली : पूर्वीच्या तबकडीत संगीताचा काही भाग गळून जात होता, तो आता ऐकू येईल. असे सांगितले गेल्यावर नवे यंत्र विकत घेणारे निघाले, तसे मान हलवून ‘हे पटत नाही’ म्हणणारेही निघाले. विशेष हे की शंका घेणाऱ्यांमध्ये संगीताविषयी उदासीन असलेली माणसे थोडी होती. उत्तम ध्वनीसाठी आयुष्यभर धडपडणारे श्रोते व अभियंतेच त्यांत पुढे होते. त्यांची शंका कोणत्या आधारावर उभी आहे, हे वीणेचे उदाहरण घेऊन पाहू.

१. वीणेच्या नादात काय असते?

तंजावरच्या वीणेवर चार वाजविण्याच्या तारा आणि तालासाठी बाजूच्या तीन तारा असतात. दांडीवर मेणात बसविलेले पितळेचे २४ पडदे असतात. पहिली तार मध्य षड्जात लावतात. दुसरी मंद्र पंचमात, तिसरी मंद्र षड्जात आणि चौथी त्याखालच्या पंचमात. वादकाने आपला षड्ज दर सेकंदास १६० कंपनांचा धरला आहे असे समजू. मग चौथ्या तारेचा खुला स्वर ६० कंपनांचा येतो, आणि पहिल्या तारेवरील चोविसाव्या पडद्याचा स्वर, दोन सप्तके वर असल्यामुळे, ६४० कंपनांचा येतो. तार ओढून वादक याच्याही थोडा वर जाऊ शकतो. म्हणजे वीणेचे सारे मूळ स्वर साधारणपणे साडेतीन सप्तकांत सामावतात.

परंतु तार एकाच कंपनसंख्येने कंप पावत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर त्याच्यासह निघतात. वीणेचा नाद आणि बासरीचा नाद एकाच स्वरात असूनही वेगळा वाटतो तो बव्हंशी या उपस्वरांच्या कमीअधिक बळामुळे. वीणेच्या बाबतीत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. तंजावरशेजारच्या तिरुचिरापल्ली येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. जुन्या नियमाप्रमाणे तार जेथे छेडावी, त्या बिंदूशी ज्या उपस्वराचे स्थिर स्थान येते तो उपस्वर नादात उमटू नये. वीणा व तंबोरा ही वाद्ये हा नियम पाळीत नाहीत असे रामन यांना आढळले. याचे कारण त्यांच्या घोडीत आहे. व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते. वीणेच्या घोडीवर रुंद व किंचित गोलाई दिलेला धातूचा पत्रा असतो. कंप पावणारी तार या पत्र्यास हलकेच स्पर्श करीत राहते आणि त्यामुळे उपस्वरांना सतत नवे बळ मिळते. वीणेच्या नादातील झळाळी ही अशी उत्पन्न होते.

मग हे उपस्वर किती उंच जातात? १६० कंपनांच्या स्वराचा तिसावा उपस्वर ४,८०० कंपनांचा असतो. ६४० कंपनांच्या स्वराचा विसावा १२,८०० कंपनांचा. जसजसे वर जावे तसतसे उपस्वर दुर्बल होत जातात, आणि तार छेडल्यानंतर सर्वांत आधी तेच विरतात. चिपळ्यांतील धातूच्या चकत्या किंवा तालासाठी वाजविल्या जाणाऱ्या काशाच्या झांजा यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या आघातात दर सेकंदास २०,००० कंपनांच्या पलीकडचीही ऊर्जा असते. तेव्हा ‘सीडीच्या मर्यादेपलीकडे निसर्गात काहीच नाही’ असे म्हणता येणार नाही. खरा प्रश्न पुढचा आहे : तेथे जे आहे ते कान घेतो काय?

२. कानाची मर्यादा

निरोगी बालकास सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, असे सामान्यतः मानले जाते. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांस १२,००० ते १४,००० कंपनांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. महाग तबकड्या व यंत्रे विकत घेण्याची ऐपत माणसास बहुधा याच वयात येते, हा या व्यवहारातील एक विनोदच म्हणावयाचा. शिवाय, मर्यादेच्या जवळचा ध्वनी ऐकू येण्यासाठी तो फार मोठा असावा लागतो. वाद्याच्या नादात या भागातील ध्वनी सहसा सर्वांत क्षीण असतात, आणि शेजारचे बलवान स्वर त्यांना झाकून टाकतात.

३. सीडीवर नाद कसा उतरतो

सीडीवर ध्वनी अंकांच्या रूपाने नोंदविलेला असतो. ध्वनीलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी १६ द्विमान अंकांनी, म्हणजे १६ बिटांनी, लिहिली जाते. डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्या धरल्या तर सेकंदास १४,११,२०० बिट होतात.

येथे अनेकांच्या मनात एक स्वाभाविक शंका येते. लहर अखंड असते आणि मोजण्या तुटक असतात. तेव्हा दोन मोजण्यांच्या मध्ये जे घडले ते हरवले असणार! नव्या तबकड्यांच्या जाहिरातींत पायऱ्यापायऱ्यांची वाकडी रेषा काढून हीच समजूत बळकट केली जात असे. परंतु ती खरी नाही. कागदावर एक वक्ररेषा आहे आणि ती वर्तुळाची आहे एवढे आपणांस ठाऊक असेल, तर तिच्यावरील केवळ तीन बिंदूंवरून संपूर्ण वर्तुळ काढता येते. चौथा बिंदू दिल्याने ते अधिक गोल होत नाही. ध्वनीचेही तसेच आहे. एखाद्या लहरीत विशिष्ट मर्यादेच्या वरची कंपने नाहीत असे निश्चित केले, तर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या मोजण्यांवरून ती लहर मधल्या सर्व वळणांसह परत उभी करता येते. या सिद्धान्ताचा पाया नायक्विस्ट यांनी १९२८ साली घातला आणि शॅनन यांनी १९४९ साली तो पूर्णपणे मांडला. सेकंदास ४४,१०० मोजण्या घेतल्या की २२,००० कंपनांपर्यंतचे सर्व काही हाती लागते. मोजण्या वाढविल्या तर मधली वळणे अधिक गुळगुळीत होत नाहीत. केवळ वरची मर्यादा आणखी वर सरकते.

दुसरा आक्षेप वेळेसंबंधी घेतला जातो. दोन कानांवर पडणाऱ्या ध्वनीतील सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाचे अंतर माणूस ओळखू शकतो. सीडीवरील दोन मोजण्यांत मात्र सेकंदाच्या ४४,१०० व्या भागाचे अंतर असते. मग एवढे सूक्ष्म अंतर ती कसे नोंदविणार? याचे उत्तर असे की लहर थोडी पुढे सरकली की प्रत्येक मोजणीचा आकडा बदलतो, आणि या बदललेल्या आकड्यांत ते सरकणे नोंदले जाते. दोन मोजण्यांतील अंतराच्या पुष्कळ लहान भागाइतका फरकही अशा रीतीने जतन होतो.

आता बिटांचा विचार करू. १६ बिटांनी ६५,५३६ पायऱ्या मांडता येतात. त्यामुळे अत्यंत क्षीण व अत्यंत मोठ्या ध्वनीमध्ये सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर नोंदविता येते. अगदी शांत खोलीतही ३० डेसिबेलच्या आसपास पार्श्वध्वनी असतो. त्याच्यावर ९६ मिळविले तर १२६ होतात, आणि तेथे कानास वेदना होऊ लागतात. घरात संगीत ऐकण्यास एवढा पल्ला पुरेसा ठरतो. अगदी क्षीण ध्वनी पायऱ्यांत अडकून विद्रूप होऊ नये म्हणून मुद्रणाच्या वेळी त्यात जाणूनबुजून यत्किंचित खरखर मिसळतात. या युक्तीमुळे विद्रूपता नाहीशी होऊन तिच्या जागी एक सौम्य, सारखी कुजबुज तेवढी उरते.

४. नव्या तबकड्यांचा दावा

डीव्हीडी-ऑडिओवर २४ बिटांच्या मोजण्या सेकंदास ९६,००० किंवा १,९२,००० वेळा घेता येतात. २४ बिटांच्या पायऱ्या १,६७,७७,२१६ होतात, आणि कागदोपत्री पल्ला १४४ डेसिबेलचा होतो. सुपर ऑडिओ सीडीची रीत वेगळी आहे. तीत एकाच बिटाची मोजणी सेकंदास २८,२२,४०० वेळा केली जाते. एका बिटामुळे उत्पन्न होणारी मोठी खरखर गणिताच्या साहाय्याने २०,००० कंपनांच्या वर ढकलून दिली जाते.

शंका घेणाऱ्यांचे यावर तीन आक्षेप आहेत. पहिला हा की १४४ डेसिबेलचा पल्ला कोणत्याही ध्वनिवर्धकात, मायक्रोफोनात वा दिवाणखान्यात प्रत्यक्षात मिळत नाही. तारांत व विद्युत्-मंडलांत असणारी स्वाभाविक खरखर त्याच्या किती तरी आधी आडवी येते. दुसरा हा की ४८,००० किंवा ९६,००० कंपनांपर्यंतची नोंद कानास निरुपयोगी आहे. तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ही न ऐकू येणारी कंपने ध्वनिवर्धकात व लाउडस्पीकरात शिरली तर तेथील अल्प दोषांमुळे ती परस्परांत मिसळतात. ३०,००० आणि ३३,००० कंपनांच्या दोन लहरींतून ३,००० कंपनांचा एक नवा स्वर उत्पन्न होऊ शकतो. तो ऐकू येतो, पण तो मूळ संगीतात नसतो. म्हणजे जास्त नोंदविल्याने काही वेळा खरेपणा वाढण्याऐवजी घटतो.

नव्या तबकड्यांच्या बाजूनेही एक विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. सीडीसाठी ध्वनी २०,००० ते २२,००० कंपनांच्या अरुंद पट्ट्यात एकदम तोडावा लागतो. अशा तीव्र गाळणीमुळे आघातापूर्वी व आघातानंतर अतिशय उंच स्वराची क्षणिक थरथर निर्माण होते. मोजण्या अधिक असल्या की गाळणी सौम्य ठेवता येते. ही थरथर स्वतःच ऐकण्याच्या मर्यादेवर असल्यामुळे ती जाणवते की नाही, हे केवळ तर्काने ठरणार नाही. त्यासाठी कसोटीच हवी.

५. कसोटी

ऐकण्याविषयीचे वाद नुसत्या आकड्यांनी मिटत नाहीत, हा धडा तंजावरच्याच इतिहासात सापडतो. सप्तकात श्रुती किती, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद झाला. महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली इंग्रजी ग्रंथ लिहून २२ श्रुतींची कंपनसंख्या मांडली. तंजावरचे अब्राहम पंडितर यांना हा हिशेब मान्य नव्हता. त्यांनी १९१२ साली तंजावरात संगीत विद्या महाजन संगम स्थापून परिषदा भरविल्या, १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत आपले मत मांडले आणि १९१७ साली ‘करुणामृत सागरम्’ हा विशाल ग्रंथ प्रसिद्ध केला. या वादाचा निर्णय काय लागला हे येथे महत्त्वाचे नाही. दोन्ही पक्षांना आपले गणित घेऊन शेवटी प्रत्यक्ष गायन-वादनापुढे यावे लागले, हे महत्त्वाचे आहे.

कानाची साक्ष घ्यावयाची खरी, पण ती फार सावधपणे घ्यावी लागते. १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीने रंगमंचावर गायक व तबकडी एकामागून एक ऐकवून, दोहोंतील भेद श्रोत्यांस ओळखता येत नाही असे दाखविणारे जाहीर कार्यक्रम केले. त्या तबकड्या आज ऐकल्या तर भेद क्षणात कळतो. तेव्हाच्या श्रोत्यांचे कान वाईट नव्हते. कार्यक्रमाची मांडणीच अशी होती की श्रोत्याने अपेक्षित उत्तर द्यावे. तीच माणसे, तेच कान. पण कोणते यंत्र चालू आहे हे आधी कळले की निर्णय बदलतो. म्हणून शास्त्रीय कसोटीत दोन अटी पाळाव्याच लागतात. कोणता नमुना चालू आहे हे श्रोत्यास आणि त्याच्याशी बोलणाऱ्यासही ठाऊक असता कामा नये. दुसरे, दोन्ही नमुन्यांचा मोठेपणा अगदी सारखा असला पाहिजे. अर्ध्या-एक डेसिबेलने मोठा असलेला ध्वनी ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘अधिक सुस्पष्ट’ व ‘अधिक जिवंत’ वाटतो, आणि येथेच फसगत होते.

या अटी पाळून केलेला एक प्रसिद्ध प्रयोग मेयर व मोरान यांचा आहे. तो अमेरिकेत बोस्टन येथे झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सुपर ऑडिओ सीडी व डीव्हीडी-ऑडिओ यांवरील संगीत एकदा जसेच्या तसे ऐकविले, आणि एकदा मध्ये सीडीच्या मापाचे यंत्र घालून, म्हणजे ४४,१०० मोजण्या व १६ बिट यांच्या चाळणीतून काढून, ऐकविले. ५५४ वेळा विचारणा झाली; त्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर सुमारे २७७ बरोबर आली असती. संगीत नसताना आवाज अतिशय चढवून केवळ पार्श्वभूमीची खरखर ऐकली तेव्हाच काय तो भेद ओळखता आला.

एवढ्यावरून वाद संपला असे म्हणणे मात्र शास्त्रास धरून होणार नाही. जपानमधील ओहाशी व त्यांचे सहकारी यांनी २००० साली असा निष्कर्ष मांडला की गॅमेलान या वाद्यवृंदातील न ऐकू येणारी उंच कंपने मेंदूच्या व्यापारावर परिणाम करतात. पुढे जपानच्याच नभोवाणी संस्थेच्या प्रयोगशाळेत २००३ साली झालेल्या चाचणीत, अशी कंपने असलेले व नसलेले संगीत श्रोत्यांस वेगळे ओळखता येते याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. २०१६ साली लंडनच्या राइस यांनी १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक उत्तरांचा एकत्रित हिशेब केला. बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ आले. ज्यांना आधी शिकवून तयार केले होते अशा श्रोत्यांत ते शेकडा ६० च्या थोडे पुढे गेले. म्हणजे भेद असलाच तर तो इतका लहान आहे की शिक्षित कानदेखील तो शंभरांपैकी चाळीसच्या आसपास वेळा चुकतो. ‘काहीच भेद नाही’ असे ठामपणे म्हणणारा आणि ‘रात्र व दिवस यांइतका भेद आहे’ असे म्हणणारा, या दोघांपैकी दुसरा सत्यापासून पुष्कळच दूर आहे.

६. मग नवी तबकडी चांगली का वाटते?

मेयर व मोरान यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली. त्यांनी वापरलेल्या नव्या तबकड्यांपैकी अनेक खरोखरच उत्तम होत्या, सामान्य सीडीपेक्षा सरस होत्या. आणि सीडीच्या चाळणीतून काढल्यावरही त्या तितक्याच उत्तम राहिल्या. याचा अर्थ गुण तबकडीच्या जातीत नव्हता, तो मुद्रणाच्या कामात होता. नव्या तबकड्या थोड्या व चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी निघत असल्यामुळे अभियंते त्यांवर मन लावून काम करीत. सामान्य सीडीच्या बाबतीत मात्र १९९० नंतर एक वाईट प्रथा वाढली होती. रेडिओवर वा मोटारीत गाणे इतरांपेक्षा मोठे वाटावे म्हणून क्षीण ध्वनी वर उचलावयाचे आणि मोठे ध्वनी दाबावयाचे. ९६ डेसिबेलचा पल्ला हाती असताना त्यातील फारच थोडा वापरला जाई. वीणेसारख्या वाद्यास ही प्रथा घातक आहे. छेडलेल्या तारेचा नाद हळूहळू विरत जातो आणि गमकाचा शेवट त्या विरण्यातच असतो. तो वर उचलला की वीणा अवजड व चपटी ऐकू येते. दोष सीडीला लागतो. अपराध मात्र संस्करण करणाऱ्याचा असतो.

७. अधिक बिट कोठे उपयोगी पडतात

वरील विवेचनावरून २४ बिट आणि ९६,००० मोजण्या ही निव्वळ फसवणूक आहे असे कोणी समजू नये. ऐकण्याच्या टोकाला त्यांचा उपयोग नगण्य असला तरी मुद्रणाच्या टोकाला तो खरा आहे. मैफलीत वादक किती जोराने वाजवील हे आधी कळत नाही. २४ बिट असले की अभियंता वर भरपूर जागा मोकळी ठेवू शकतो, आणि तरीही क्षीण भाग खरखरीत बुडत नाही. पुढे संस्करणात अनेक वेळा आकडेमोड होते, तेव्हाही ही शिल्लक कामास येते. काम पूर्ण झाल्यावर ते १६ बिटांत उतरविले तरी श्रोत्याचे काही जात नाही.

जुन्या मुद्रणांच्या जतनासाठी तर हे माप योग्यच आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २४ बिट व निदान ४८,००० मोजण्या, आणि शक्य तर ९६,००० मोजण्या, अशी शिफारस केली आहे. जुन्या तबकडीवरील ओरखड्याचा खटका जितका तंतोतंत नोंदला जाईल तितका तो पुढे गणिताने वेगळा काढणे सोपे जाते. मूळ तबकडी दर वर्षी झिजत असते. प्रत घेण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नाही.

वीणा धनम्माळ यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. त्यांचा जन्म १८६७ साली झाला. त्यांच्या घराण्याची परंपरा तंजावरच्या दरबाराशी निगडित होती, आणि मद्रासेतील त्यांच्या घरी शुक्रवारी होणारे वादन अत्यंत हळुवार म्हणून प्रसिद्ध होते. ते ऐकण्यास श्रोत्यांना अगदी निःशब्द बसावे लागे. १९३२ साली, त्यांच्या उतारवयात, कोलंबिया कंपनीने त्यांचे वादन मुद्रित केले. लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपत असे. तिच्यावर फार उंच उपस्वर उमटत नसत आणि सुईची खरखर अखंड चालू असे. १९३८ साली धनम्माळ निवर्तल्या. आज आपणांस त्यांच्या वादनाविषयी जी हळहळ वाटते ती २०,००० कंपनांपलीकडचा भाग गेला म्हणून वाटत नाही. खरखरीखाली दबलेला तानाचा विराम गेला, आणि तीन मिनिटांनंतर चालू राहिला असता तो रागविस्तार गेला, म्हणून ती वाटते. हे दोन्ही तोटे साध्या सीडीच्या मापानेही पूर्णपणे टळले असते. मात्र धनम्माळांच्या हयातीत ते माप नव्हते. आज ते आहे, स्वस्त आहे, आणि तरीही अनेक वृद्ध वादकांचे वादन मुद्रित झालेले नाही.

८. करून पाहण्याजोगा प्रयोग

हा प्रश्न स्वतःच्या कानाने सोडविण्यास मोठी सामग्री लागत नाही. वीणेचे किंवा सतारीचे २४ बिट व ९६,००० मोजण्यांचे एक चांगले मुद्रण घ्यावे. संगणकावर त्याची सीडीच्या मापाची एक प्रत करावी, आणि दोन्ही एकाच यंत्रातून, एकाच मोठेपणाने ऐकविण्याची व्यवस्था करावी. एका मित्राने दर वेळी नाणे उडवून कोणती प्रत लावावयाची हे ठरवावे व कागदावर टिपून ठेवावे. त्याने श्रोत्याच्या दृष्टीआड बसावे. श्रोत्याने १६ वेळा उत्तर द्यावे. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव सुमारे २६ त एक इतका कमी आहे. तेव्हा १२ बरोबर आली तर प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. पुन्हा तसेच घडले तर भेद ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळेल. ८ किंवा ९ बरोबर आली तर नव्या यंत्रासाठी बाजूस काढलेले पैसे दुसऱ्या कामास लावण्यास हरकत नाही.

त्यानंतर त्याच रीतीने दुसरी एक तुलना करावी. एकाच वीणेचे मुद्रण एकदा मायक्रोफोन हातभर अंतरावर ठेवून आणि एकदा दोन हात दूर ठेवून करावे. खोलीतील पंखा एकदा चालू व एकदा बंद ठेवावा. येथे १६ पैकी १६ उत्तरे बरोबर येतील. नादाचा भलेबुरेपणा मुख्यतः कोठे ठरतो, हे या दोन प्रयोगांच्या फरकावरून कोणासही कळेल.

तात्पर्य

डीव्हीडी-ऑडिओ काही वर्षांतच बाजारातून नाहीशी झाली. सुपर ऑडिओ सीडी मोजक्या रसिकांपुरती उरली. वाद मात्र संपला नाही; तो तबकड्यांवरून महाजालातून येणाऱ्या मुद्रणांवर गेला. २०२१ साली ॲपल कंपनीने २४ बिटांपर्यंतची मुद्रणे जादा आकार न घेता देण्यास आरंभ केला, तेव्हा निदान किमतीचा प्रश्न काहीसा सौम्य झाला. परंतु ज्या संगीतशाळेस, ग्रंथालयास वा कुटुंबास मोजक्या पैशांत निवड करावयाची आहे, त्यांच्यासमोर तो आजही आहे. त्यांनी क्रम असा लावावा : आधी वाद्य आणि वादक, मग शांत खोली, मग मायक्रोफोन व त्याची जागा, मग प्रामाणिक संस्करण, मग लाउडस्पीकर, आणि सर्वांच्या शेवटी तबकडीची जात.

नव्या गोष्टीविषयी शंका घेणे म्हणजे तिला नाकारणे नव्हे. ‘अधिक आकडे म्हणजे अधिक संगीत’ हे वाक्य कानापुढे ठेवून पारखावयास सांगणे, एवढाच त्या शंकेचा अर्थ आहे. तंजावरचा कारागीर फणसाच्या लाकडावर बोटांनी टिचकी मारून ते वीणेस योग्य आहे की नाही हे ऐकून ठरवितो. तबकडीची निवडही तशीच, ऐकून, करावी.